आपल्या डोंगरांतील राखी रानकोंबडा

गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्या चिखलीतील एका बियाण्याच्या दुकानातून ग्राहकांस दिनदर्शिका वाटण्यात आल्या. तीवर हिमालयातील मोनाल पक्ष्याचे मोठे रंगीत चित्र छापलेले होते. मानेवर तांब्याची झाक, पाठीवर निळा व जांभळा रंग, डोक्यावर मोरासारखा तुरा. पाहताच मन प्रसन्न व्हावे असा तो पक्षी. आमच्या शेजारचे एक सद्गृहस्थ ते चित्र हाती घेऊन म्हणाले, "भाऊसाहेब, देवानं सारा रंग हिमालयातच ओतला. आपल्या वाट्याला आले ते कावळे न् होले." त्यांचे हे बोलणे आम्हांस काही रुचले नाही. आमच्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरील डोंगरांत मोनालाच्याच कुळातला एक पक्षी वास करतो. त्याच्या मानेवरील पिसासारखे पीस हिमालयातील कोणाही पक्ष्यास लाभलेले नाही. आणि त्याचे रक्त आमच्या त्या शेजाऱ्यांच्या खुराड्यापर्यंत येऊन पोहोचलेले आहे. तो पक्षी म्हणजे राखी रानकोंबडा होय. शेतकरी बंधूंस त्याची माहिती असावी, एवढ्यासाठी हा लेख लिहीत आहो.

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग आहेत हे येथील वाचकांस सांगावयास नको. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. चिखली, मेहकर, देऊळगाव राजा हा मुलूख 'घाटावर', आणि खामगाव, मलकापूर, शेगाव हा मुलूख 'घाटाखाली'. घाटावर सोयाबीन, तूर, हरभऱ्याच्या वावरांतून तित्तिर व लावे पुष्कळ. ज्ञानगंगेच्या रानात आणि लोणारच्या सरोवराकाठी मोरही पाहावयास मिळतात. रानकोंबडा पाहावयाचा तर घाट उतरून, शेगाव सोडून, पूर्णेचा खारपाणपट्टा ओलांडून थेट सातपुड्याच्या पायथ्याशी जावे लागते. संग्रामपूर तालुक्यात अंबाबरवा नावाचे अभयारण्य आहे. १९९७ साली ते जाहीर झाले; क्षेत्र सुमारे १२७ चौरस किलोमीटर. पूर्वेस ते मेळघाटच्या रानाला मिळते. साग, सालई, धावडा, नाल्यांच्या काठी बांबू, आणि मधूनमधून कोरकू, भिल्ल व भिलाला लोकांची वस्ती, असे ते रान आहे. सह्याद्रीत म्हणाल तर महाबळेश्वर, भीमाशंकर, कोयना, राधानगरी येथेही हाच पक्षी आढळतो.

आमचा आणि त्याचा पहिला परिचय मात्र सांगावयास संकोच वाटावा असा आहे. साल १९७६, आम्ही नऊ वर्षांचे होतो. आमचे आजोळ सातपुड्याच्या पायथ्याशी. उन्हाळ्याच्या सुटीत तेथे गेलो असता एका सकाळी मामांचा सालदार फाशात सापडलेला एक कोंबडा घेऊन आला. त्यापूर्वी चार वर्षे, म्हणजे १९७२ साली, वन्य प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला होता. परंतु त्याची वार्ता त्या वाडीपर्यंत पोहोचली नव्हती, किंवा पोहोचली असल्यास ती कोणी मनावर घेतली नव्हती. कोंबडा जिवंत होता. त्याचे पाय बांधलेले होते आणि तो मुळीच ओरडत नव्हता. आमची स्वारी त्याच्या मानेवरील पिसांकडे टक लावून बसली. दुपारी जेवणात त्याची भाजी होती व ती आम्हीही खाल्ली. मामींनी मागाहून चार पिसे आम्हांस दिली. ती आम्ही भूगोलाच्या वहीत जपून ठेवली. पुढे त्यांस कसर लागली व ती गेली. सरकारी दप्तरात कसर लागलेले कागद पुढे आयुष्यभर पाहिले. पण त्या चार पिसांची हळहळ मनातून गेली नाही.

आता त्या पिसाचे वर्णन करतो. नराच्या मानेवरील पीस लांबट व काळपट असते. त्याची मधली दांडी पिसाच्या शेवटाकडे रुंदावते, चपटी होते आणि तिच्यावर आधी एक पांढरा ठिपका व अगदी टोकाशी एक पिवळा ठिपका उमटतो. हा ठिपका रंगाचा नव्हे. पूर्वी सरकारी लखोट्यावर लाखेची मोहर करीत असत. ती लाख ओली असता जशी चकाकते तसा हा ठिपका चकाकतो, आणि बोटाने चाचपला तर गुळगुळीत व टणक लागतो. पिसाची दांडीच तेथे पसरून तिचे असे पान झालेले असते. अशी शेकडो पिसे मानेवर एकावर एक बसली म्हणजे काळ्या वस्त्रावर सोन्याची व रुप्याची टिकली जडविल्यासारखे दिसते. पंखांच्या मुळाशी याच जातीची, परंतु नारिंगी छटेची पिसे असतात. बाकीचे अंग राखी, त्यावर बारीक रेघांची नक्षी. शेपटी कोयत्यासारखी वळलेली, काळी, आणि उन्हात धरली असता हिरवी-जांभळी झाक मारणारी. तुरा लाल, पण गावठी कोंबड्याच्या तुऱ्याइतके खोल दाते त्याला नसतात. पाय पिवळसर तांबूस, आणि त्यांवर तीक्ष्ण आर. शेपटी धरून नराची लांबी दोन ते अडीच फूट. वजन किलोभराच्या आतबाहेर.

मादी याच्या निम्म्या लांबीची. पाठ तपकिरी, तुरा जवळजवळ नाहीच. तिची छाती पांढरी असून प्रत्येक पिसाला काळी किनार असते, त्यामुळे मासोळीच्या खवल्यांचा भास होतो. पाय पिवळे. या पिवळ्या पायांची गोष्ट पुढे येणार आहे, म्हणून ती येथे लक्षात ठेवावी.

एक चमत्कार असा की नराचा हा थाट बाराही महिने टिकत नाही. विणीचा काळ सरून पाऊस लागला की मानेवरील ठिपक्यांची पिसे व शेपटीची लांब पिसे झडतात आणि त्यांच्या जागी आखूड, काळी, निस्तेज पिसे येतात. ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत जो कोणी हा पक्षी पाहील त्याला ही एखादी निराळीच जात वाटेल. आम्हांसही एकदा तसेच वाटले होते व आम्ही ते चारचौघांत छातीठोकपणे सांगितलेही होते. असो.

त्याची बांग ऐकण्यासारखी असते. गावच्या कोंबड्याप्रमाणे तो शेवटचा सूर लांबवीत नाही. "कुक्, काया-काया, कुक्" अशी तुटक बांग देतो व ती एकदम थांबते. झुंजूमुंजू होताच झाडावरूनच पहिली बांग होते. मग या नाल्यातून एक, पलीकडच्या टेकडीवरून दुसरी, असे उत्तर-प्रत्युत्तर चालते. संध्याकाळी पुन्हा तेच. माघापासून वैशाखापर्यंत या बांगेला जोर असतो. मात्र बांग ऐकून पक्षी पाहावयास जाल तर बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परत याल. एवढा बुजरा पक्षी दुसरा नाही. पाचोळा वाजला की मान खाली घालून, शेपटी झुकवून तो झुडपांतून धावत सुटतो. अगदीच अंगाशी आले तरच फडफडाट करीत उडतो आणि थोड्या अंतरावर पुन्हा झाडीत शिरतो. पहाटे रानातल्या गाडीवाटेवर किंवा गुरांच्या शेणाजवळ किडे टिपताना तो दिसण्याचा संभव अधिक. रात्री तो जमिनीवर राहत नाही. झाडाच्या फांदीवर बसून झोप घेतो.

त्याचे खाणे म्हणाल तर आपल्या परड्यातील कोंबडीचेच. पायांनी पाचोळा उकरावयाचा व जे सापडेल ते टिपावयाचे: वाळवी, मुंग्या, टोळ, गवताचे बी, बोरे, उंबरे, घाणेरीची फळे. बांबूला फुलोरा येऊन बी गळू लागले म्हणजे, किंवा सह्याद्रीत सात वर्षांनी कारवी फुलून तिचे बी पडले म्हणजे, एरवी एकटेदुकटे राहणारे हे पक्षी त्या जागी मोठ्या संख्येने गोळा होतात.

वीण मुख्यत्वे फेब्रुवारी ते मे. घरटे असे काही नाहीच. झुडपाच्या किंवा बांबूच्या बेटाच्या आडोशाला जमीन थोडी उकरावयाची, तीत वाळलेली पाने येतील तेवढी येऊ द्यावयाची, आणि त्यांवर चार ते सात फिकट पिवळसर अंडी घालावयाची. मादी एकटी सुमारे तीन आठवडे उबवते. पिले बाहेर पडल्याबरोबर आईमागे चालू लागतात. मुंगूस, रानमांजर, घोरपड, उदमांजर, शिकरा हे सारे त्यांच्या वाईटावर असतात. म्हणून मादीचा रंग पाचोळ्यासारखा असणे ही सृष्टीची सोय आहे. मादी अंड्यांवर बसलेली असता चार हातांवरून माणूस जातो तरी त्याला ती दिसत नाही.

भारतात रानकोंबड्याच्या दोन जाती आहेत. उत्तरेस व पूर्वेस तांबडा रानकोंबडा, आणि दक्षिणेस व पश्चिमेस हा राखी. ढोबळ मानाने जेथे सालवृक्षाचे रान तेथे तांबडा व जेथे सागाचे रान तेथे राखी, असे म्हटले तरी फारसे चुकणार नाही. सातपुड्यातील पचमढीजवळ देनवा नदीच्या खोऱ्यात सालाचे एक सुटे रान सागाच्या मुलखात बेटासारखे शिल्लक राहिले आहे, आणि त्या बेटात तांबडा रानकोंबडाही आहे. ही गोष्ट कॅप्टन फोर्सिथ या इंग्रज वनाधिकाऱ्याने १८७१ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात नमूद केली आहे. आपल्या मेळघाटात व अंबाबरव्यात साल नाही. तेथला कोंबडा राखीच.

शास्त्रीय ग्रंथांत या पक्ष्याच्या नावाला एका फ्रेंच प्रवाशाचे नाव जोडलेले आहे. पियेर सोनेरा हे ते गृहस्थ. ते हिंदुस्थानात येऊन गेले व १७८२ साली त्यांचे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी या कोंबड्याचे वर्णन करून, माणसाने पाळलेली कोंबडी याच्यापासूनच झाली असावी असे मत दिले. पुढे १८१३ साली टेमिंक या डच पंडिताने पक्ष्यास सोनेराचे नाव दिले. परंतु सोनेराचे मत मात्र टिकले नाही. डार्विनसाहेबांनी १८६८ सालच्या ग्रंथात पुष्कळ प्रमाणे देऊन ठरविले की पाळीव कोंबडीचा मूळ पुरुष तांबडा रानकोंबडा होय, राखी नव्हे. बांग तांबड्याची आणि पाळीवाची जुळते, पिसे जुळतात, संतती निर्वेध होते. राखीचे तसे नाही. हा निवाडा पुढे सव्वाशे-दीडशे वर्षे कोणी फिरविला नाही. २०२० साली आठशेहून अधिक कोंबड्यांच्या आनुवंशिक द्रव्याची तपासणी प्रसिद्ध झाली. तीतही मूळ स्थान चीनचा नैर्ऋत्य भाग, ब्रह्मदेश व उत्तर थायलंड या मुलखातील तांबड्या रानकोंबड्याचेच निघाले.

परंतु एक शंका राहत होती, आणि ती पायांची. तांबड्या रानकोंबड्याचे पाय पिवळे नसतात; ते पाटीच्या दगडासारखे करडे असतात. मग लेगहॉर्नचे पाय पिवळे कसे? आपल्या कित्येक गावठी कोंबड्यांचे, बाजारातील ब्रॉयलरचे पाय व कातडी पिवळी कशी? या प्रश्नाचे उत्तर २००८ साली स्वीडनातील उपसाला विश्वविद्यालयाच्या संशोधकांनी इतरांच्या साह्याने दिले. मक्यात व हिरव्या पाल्यात जो पिवळा रंग असतो तो कोंबडीच्या अंगात जातो. करड्या पायांच्या पक्ष्यात कातडीमधील एक पाचकद्रव्य त्या रंगाचा नाश करते. पिवळ्या पायांच्या पक्ष्यात हे द्रव्य कातडीत तयार होत नाही, म्हणून रंग साठत जातो. पिवळेपणाचा हा जो आनुवंशिक अंश, तो पाळीव कोंबडीत तपासून पाहता तांबड्याशी जुळेना. तो जुळला राखी रानकोंबड्याशी. म्हणजे पूर्वेकडून पाळीव कोंबडी आपल्या देशात आली, रानाकाठच्या वस्त्यांत राहिली, आणि तेथे कधीतरी आपल्या या राखी कोंबड्याशी तिचा संबंध आला. त्या संबंधाची खूण आज जगातील असंख्य कोंबड्या पायांवर वागवीत आहेत. सोनेरासाहेब पुरते खरे नव्हते, पण पुरते खोटेही नव्हते.

जाता जाता कुक्कुटपालन करणाऱ्या बंधूंस एक उपयुक्त गोष्ट सांगतो. पिवळ्या पायांच्या जातीची कोंबडी अंड्यावर आली की अंगातील पिवळा रंग अंड्याच्या बलकाकडे जाऊ लागतो. आधी गुदद्वाराभोवतीची कातडी फिकी पडते, मग डोळ्याची कड व चोच, आणि सर्वांत शेवटी पाय. म्हणून ऐन हंगामात कोंबडी विकत घेताना जिचे पाय हळदीसारखे गर्द पिवळे ती पुष्कळ दिवसांत अंडे न घातलेली, आणि जिचे पाय उतरलेल्या रंगाचे ती अंड्यावर असलेली, असे बहुधा समजावे. मात्र पिवळा दाणा न मिळाल्यानेही पाय फिके पडतात, तेव्हा चारा कोणता होता हे आधी विचारून घ्यावे.

या पक्ष्याच्या पिसांपायी त्याच्यावर मोठे संकट येऊन गेले. विलायतेत गळाने मासे धरण्याचा शौक असलेले लोक पिसांची कृत्रिम माशी बनवून ती गळास लावतात. सामन माशासाठी करावयाच्या माशीला डोळ्याच्या जागी आमच्या कोंबड्याच्या मानेवरील ठिपक्याचे पीस फारच शोभते, असा त्यांना शोध लागला. मग एकोणिसाव्या शतकापासून हिंदुस्थानातून कोंबड्यांच्या मानेची आखी कातडी सोलून जहाजांतून जाऊ लागली. एका पिसासाठी एक जीव. १९६० नंतरच्या दशकात भारत सरकारने ही निर्यात बंद केली. तेव्हा त्या लोकांनी तिकडेच हे पक्षी पाळून, वाढवून आपली गरज भागविण्यास आरंभ केला. हेच शंभर वर्षे आधी सुचले असते तर काय बिघडले असते?

आता शेतकऱ्यांच्या तक्रारीकडे वळतो. कारण तिच्याखेरीज हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते.

आम्ही महसूल खात्यात कारकून होतो. काही वर्षे सातपुड्याच्या पायथ्याच्या एका तालुक्याला नेमणूक होती. एका वर्षी माघ महिन्यात रानडुकरांनी केलेल्या नुकसानीच्या पंचनाम्यासाठी तलाठी, वनरक्षक व आम्ही असे एका रानाकाठच्या गावी गेलो. उन्हाळी भुईमूग नुकताच पेरलेला. वावराचे मालक वयोवृद्ध होते. त्यांनी डुकरांचे नुकसान दाखविले, ते आम्ही लिहून घेतले. मग ते म्हणाले, "भाऊसाहेब, डुकराचं लिवलं तसं कोंबड्याचंबी लिवा. ह्या रानकोंबड्यानं धुऱ्याकडच्या चार तासांतलं बी उकरून खाल्लं." नमुन्यात रानकोंबड्याचा रकाना नव्हता, आणि तसे सांगताच त्यांना राग आला. तो राग वाजवी होता. ज्याचे बी गेले त्याला रकान्याशी काय कर्तव्य?

योग असा की परत येताना गावाच्या वाटेवर एक नर मरून पडलेला आढळला. कोणत्या तरी वाहनाखाली सापडला असावा. अंग अजून कोमट होते. वनरक्षकांना त्याची नोंद करणे प्राप्त होते, म्हणून पुन्हा गावात जाऊन चार पंचांसमक्ष पंचनामा झाला. त्या वृद्ध गृहस्थांना आम्ही मुद्दाम बोलावून आणले आणि वनरक्षकांनी त्यांच्या देखत पक्ष्याची अन्नपिशवी उघडून दाखविली. मोजण्याची खोड आम्हांस चाकरीने लावलेली. ज्वारीचे अकरा दाणे, बोराच्या तीन बिया, गवताचे बी चिमूटभर, आणि वाळवी मात्र मोजण्यापलीकडची. मुठीएवढी पिशवी तिनेच भरलेली. भुईमुगाचा एकही दाणा निघाला नाही. गृहस्थ बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "हा नसंल खाल्ला, दुसऱ्यानं खाल्ला असंल." या बोलण्यास उत्तर नाही, आणि आम्ही ते देण्याचा प्रयत्नही केला नाही. रानकोंबडा पेरलेले बी मुळीच उकरत नाही असे आमचे म्हणणे नाही. उघडे पडलेले बी तो टिपतो. परंतु त्याच पायांनी तो वाळवी उकरतो, आणि रानाकाठच्या वावरात वाळवी काय करते हे ज्याने भुईमुगाच्या झाडांची मुळे उपटून पाहिली आहेत त्याला सांगणे नको. शिवाय तो धुऱ्यापासून लांब उघड्यावर येत नाही. तेवढ्या चार तासांत बी चांगले बुजवून घेतले आणि पेरणीनंतरचे पहिले सात-आठ दिवस सकाळ-संध्याकाळ कोणी फेरी मारली तर नुकसान टळते.

खरा धोका उलट दिशेने आहे. कोंबड्यापासून वावराला नव्हे, तर वावराकडून व गावाकडून कोंबड्याला. फाशांविषयी अधिक लिहीत नाही. पकडणे, मारणे किंवा अंडी उचलणे हा कायद्याने अपराध आहे हे आता सर्वांस ठाऊक आहे, आणि ज्याने स्वतः नवव्या वर्षी ती भाजी खाल्ली त्याने इतरांस फार उपदेश करूही नये.

परंतु विस्तवाविषयी लिहिले पाहिजे. मार्च-एप्रिलात मोह गळतो. फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवून देण्याची चाल आहे. पुढे तेंदूपत्त्याला नवी पालवी चांगली फुटावी म्हणूनही रान पेटविले जाते. कित्येक शेतकरी याच दिवसांत धुरे जाळतात. आणि नेमक्या याच दिवसांत रानकोंबडी पाचोळ्यावर अंडी घालून बसलेली असते! कोंबडा उडून जाईल, मादीही अखेरच्या क्षणी उडेल. अंडी व तीन दिवसांची पिले कोठे जाणार? मोहाखाली जुने लुगडे किंवा जाळी पसरली तर फुले स्वच्छ मिळतात, त्यांस राख-माती लागत नाही व भावही बरा येतो. यात कोणाचे नुकसान नाही.

दुसरी गोष्ट रोगाची. रानाकाठच्या वस्तीतील गावठी कोंबड्या दिवसभर रानात चरतात. त्यांच्यात मानमोडीची, म्हणजे राणीखेतची साथ आली की तीन-चार दिवसांत खुराडी ओस पडतात आणि मेलेले पक्षी नाल्यात फेकले जातात. हा रोग तित्तिर-मोरांच्या कुळातील रानपक्ष्यांसही होतो. पहिल्या आठवड्यात लासोटा आणि सहा ते आठ आठवड्यांच्या वयात आर-टू-बी ही लस टोचून घेतली तर आपली कोंबडी वाचते व रानातलीही वाचते. मेलेला पक्षी चुना घालून खोल पुरावा. नाल्यात टाकू नये.

या जातीला आज ताबडतोब नामशेष होण्याची भीती आहे असे तज्ज्ञ मानीत नाहीत. तथापि सातपुड्याच्या या बाजूचे रान अरुंद आहे, त्याला लागून आमची वावरे आहेत, आणि वणवा आणि रोग सरहद्द पाहत नाहीत.

त्या वृद्ध गृहस्थांशी पुढे आमचा चांगला स्नेह जमला. धुऱ्यावरची झुडपे जाळू नका, निदान पाऊस पडेपर्यंत राहू द्या, असे आम्ही त्यांना एकदा सुचविले. त्यांनी आम्हांसच पेचात टाकले. "झुडपं ठेवली की डुकरं दडतात. डुकरं तुम्ही नेता काय?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. आम्हांस काही उत्तर सुचले नाही व आम्ही चहा पिऊन परतलो. मात्र त्यांनीच मागाहून एक तोड काढली. तीन बाजूंचे धुरे त्यांनी पूर्वीप्रमाणे साफ केले, आणि नाल्याकडची, जेथे दगडगोट्यांमुळे नांगर चालत नाही ती, दहा-बारा हात रुंद पट्टी तशीच सोडून दिली. बोरी, बाभळी, घाणेरी, जे असेल ते. तेथे डुकरे दडलीच तर नाल्याच्या अंगाने हाकता येतात, असा त्यांचा हिशेब. हा हिशेब दर वर्षी बरोबर येतोच असे नाही. गेल्या वर्षी डुकरांनी मका पाडलाच.

आता ते थकले आहेत. वावर त्यांचे चिरंजीव पाहतात. नुकतेच आम्ही निवृत्त होऊन चिखलीस कायमचे राहावयास आलो. येत्या फाल्गुनात तिकडे चार दिवस जाऊन बांग ऐकण्याचा विचार आहे. गेल्या वैशाखात एका सकाळी चिरंजिवांचा दूरध्वनी आला. उकिरड्याजवळ रानकोंबडी पाच पिले घेऊन वाळवी टिपत होती, आणि बाबांनी घरातल्या कुत्र्याला बांधून ठेवावयास सांगितले आहे, असे त्यांनी कळविले. पिलांचे पाय कोणत्या रंगाचे होते, असे आम्ही विचारले. "एवढं जवळ कोण जाऊ देतंय, काका," ते म्हणाले, "बाबा ओरडतात."